शनिवारी भाड्याने, शुक्रवारी हक्काने

न्यू जर्सीतील मराठी मंडळांच्या कार्यकारिणी सदस्यांस आणि समस्त मराठी पालकांस,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यापासून थँक्सगिव्हिंगपर्यंतच्या तीन महिन्यांत आपल्या गावांतील पब्लिक हायस्कुले ज्या सामुदायिक जीवनाने गजबजून जातात, त्यात आपण मराठी पालक फारसे दिसत नाही. आपल्याला आवड नाही किंवा सवड नाही, एवढेच त्याचे कारण नाही. ज्या आठवड्यांत शाळेत होमकमिंग (माजी विद्यार्थ्यांना शाळेत परत बोलावणारा शरदातला वार्षिक सोहळा), बँडच्या स्पर्धा, क्रॉस कंट्रीच्या शर्यती आणि नाटकाची तयारी चालू असते, त्याच आठवड्यांवर आपला गणेशोत्सव, भोंडला, कोजागिरी, दिवाळीचा कार्यक्रम आणि या सगळ्यांच्या तालमी येऊन बसतात. तालमी कधी ठेवायच्या हे आपण ठरवतो, शाळा ठरवत नाही. म्हणून हे पत्र शाळांना न लिहिता आपल्यालाच लिहीत आहे.

यातली विसंगती अशी, की आपले बहुतेक मोठे कार्यक्रम आपण याच हायस्कुलांच्या सभागृहांत करतो. ऑडिटोरियमचे भाडे, कस्टोडियनचा तासाचा दर, विम्याचे प्रमाणपत्र, खाद्यपदार्थ आत न नेण्याचा नियम, जिवंत ज्योत चालत नाही म्हणून समईत ठेवायचे बॅटरीचे दिवे हे सारे कार्यकारिणीत एक वर्ष काढलेल्या कोणालाही तोंडपाठ असते. कॅफेटेरियात आपण पंगत मांडतो तेव्हा भिंतीवर आदल्या आठवड्यात मुलांनी रंगवलेला लांबलचक कागदी फलक अजून लटकत असतो, आणि आपल्यातला कोणीतरी तो हलकेच बाजूला सारून तिथे झेंडूचे तोरण चिकटवतो. तो फलक कोणी रंगवला, कशासाठी रंगवला आणि तो रंगवणाऱ्यांत आपलाच मुलगा किंवा मुलगी होती का, हे विचारायचे मात्र राहून जाते. ज्या इमारतीचे आपण शनिवारी भाडे भरतो, तिच्यासाठी आपण वर्षभर घरपट्टीही भरत असतो, आणि आदल्या संध्याकाळी तिथे जायला आपल्याला कोणाच्या परवानगीची गरज नसते.

ज्यांची मुले अजून प्राथमिक शाळेत आहेत किंवा जे नुकतेच या देशात आले आहेत, त्यांच्यासाठी हे जीवन नेमके कसे असते ते थोडे सविस्तर सांगते. नववी ते बारावी या चार वर्गांना इथे फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर आणि सीनियर म्हणतात, आणि शरदातले बरेचसे उपक्रम या चार वर्गांच्या आपसांतल्या चढाओढीवर उभे असतात. होमकमिंगच्या आठवड्याला स्पिरिट वीक म्हणतात. त्यात एक दिवस पायजमा घालून यायचे, एक दिवस जुन्या दशकाचा पोशाख करायचा, एक दिवस आपापल्या वर्गाचा रंग ल्यायचा, आणि शुक्रवारी सगळ्यांनी शाळेच्या रंगांत यायचे असा क्रम साधारणपणे असतो. प्रत्येक वर्गाला एकेक कॉरिडॉर सजवायला मिळतो आणि मुले रात्री उशिरापर्यंत थांबून कागद, पुठ्ठे आणि रंग यांच्यात बुडालेली असतात. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला जिममध्ये पेप रॅली होते. तिथे बँड वाजतो, शरदातल्या सर्व संघांची ओळख करून दिली जाते, आणि जिथे आपली मुले पुष्कळ आहेत अशा शाळांत हल्ली एखादा भांगडा किंवा बॉलिवूड नाचही होतो. संध्याकाळी सातच्या सुमारास अमेरिकन फुटबॉलचा सामना, मध्यंतरात बँडचे प्रदर्शन आणि होमकमिंग कोर्टची, म्हणजे मुलांनी निवडलेल्या ‘राजा-राणी’ मंडळींची घोषणा, आणि बहुधा दुसऱ्या दिवशी नृत्यसमारंभ. काही गावांत सामन्याआधी मुख्य रस्त्यावरून मिरवणूक निघते आणि तिच्या पुढे गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा बंब असतो.

ही प्रथा मूळची महाविद्यालयांची. १९०९ मध्ये बेलर, १९१० मध्ये इलिनॉय आणि १९११ मध्ये मिझुरी विद्यापीठात जे माजी विद्यार्थ्यांचे मेळावे झाले, त्यांतला पहिला कोणाचा यावर त्या विद्यापीठांचे अभिमानी अजून भांडतात. हायस्कुलांनी ती उचलली आणि आपापल्या प्रांताप्रमाणे वळवली. टेक्सासमध्ये मुली या दिवशी छातीवर शेवंतीचे फूल आणि त्याला जमिनीपर्यंत लोळणाऱ्या फिती मिरवतात. फूल आता कापडी असते, पण फितींची लांबी दरवर्षी वाढतच चालली आहे असे तिथले मराठी मित्र सांगतात. आपल्याकडे न्यू जर्सीत एवढा थाट नाही, आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटत नाही.

या सगळ्यात फुटबॉल हे निमित्त आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. आपल्यापैकी अनेकांना त्या खेळाचे नियम कळत नाहीत आणि ते न कळताही काही बिघडत नाही, कारण ब्लीचर्सवर बसलेल्या मुलांपैकी निम्मी तरी पाठ मैदानाकडे करून गप्पा मारत असतात. शाळा मैदानावर असते तितकीच मैदानाभोवतीही असते. कन्सेशन स्टँडवर हॉट चॉकलेट आणि प्रेट्झेल विकणारे पालक, तिकिटांच्या टेबलावरचे गणिताचे शिक्षक, दहा वर्षांपूर्वी पास होऊन गेलेला आणि आता आपल्या बाळाला शाळेचा टी-शर्ट घालून आलेला कोणी माजी विद्यार्थी, कठड्याला टेकून उभे असलेले आणि ज्यांचे कोणीच खेळत नाही असे शेजारपाजारचे आजी-आजोबा, असे ते गाव तिथे एका जागी दिसते. वर्षात इतर कधीही ते असे दिसत नाही.

बँडविषयी वेगळे लिहिले पाहिजे, कारण मराठी घरांतली मुले फुटबॉलमध्ये क्वचित आणि मार्चिंग बँडमध्ये पुष्कळ असतात. शाळा सुरू होण्यापूर्वी, ऑगस्टच्या उन्हात, बँड कॅम्प भरतो. दिवसभर मैदानावर उभे राहून पावलांचे मोजमाप, वळणे आणि रांगा घोटून घेतल्या जातात, आणि साधारण आठ-दहा मिनिटांच्या सादरीकरणासाठी पुढचे तीन महिने आठवड्यातल्या काही संध्याकाळी आणि बहुतेक शनिवार जातात. ज्यांनी पुण्यात किंवा नाशकात ढोल-ताशा पथकात वादन केले आहे, त्यांना यातले काहीही समजावून सांगावे लागणार नाही. तोच नदीकाठचा सराव, तेच खांद्याला पडलेले वळ, ठेका चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवण्याची तीच शिस्त. आपल्या न्यू जर्सीतही आता पथके आहेत आणि त्यांचे वादक उन्हाळाभर पार्किंग लॉटमध्ये सराव करतात. आठवड्यात चार दिवस स्वतः पथकात जाणारा बाबा, मुलीचे बँडमधले ड्रमवादन मात्र ‘अभ्यासातून वेळ जातो’ म्हणून बंद करायला सांगतो, तेव्हा त्याला नेमके काय म्हणावे हे मला कळत नाही.

बँडचा खर्च शाळेच्या अंदाजपत्रकातून पूर्णपणे निघत नाही. गणवेश, स्पर्धांच्या बस, ट्रक, बाहेरून बोलावलेले प्रशिक्षक यांसाठी पालकांचा बूस्टर क्लब पैसे उभे करतो. गाड्या धुणे, फुलझाडांच्या कुंड्या विकणे, सामन्याच्या वेळी कन्सेशन स्टँड चालवणे अशी कामे हे पालक वाटून घेतात. स्पर्धेच्या वेळी अवजड वाद्ये आणि पडदे मैदानावर ढकलत नेऊन वेळेत परत आणणाऱ्या पालकांचीही एक तुकडी असते. मी या तुकडीत आहे. या कामात इंग्रजीचे उच्चार, नोकरीतले पद किंवा खेळाचे ज्ञान यांपैकी कशाचीही गरज लागत नाही. लागतात ते दोन हात आणि पावसात भिजायची तयारी. शाळेच्या स्वयंसेवक नोंदणीसाठी अर्ज आणि बहुतेक डिस्ट्रिक्टांत (गावच्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांत) पार्श्वभूमी तपासणी असते, ती एकदा झाली की दरवर्षी सहसा फार त्रास होत नाही. आपल्या पालकांपैकी जे येतात ते अतिशय मनापासून काम करतात, हे सांगायलाच हवे. पण नावे मागवणाऱ्या यादीत आपली नावे आपल्या मुलांच्या संख्येच्या मानाने फार कमी असतात, आणि हे इतर पालक बोलून दाखवत नसले तरी त्यांना दिसते.

ते काय पाहतात, हे जरा कठोरपणे लिहिते. आपण संकेतस्थळांवर शाळेला दिलेले दहापैकी गुण पाहून घर घेतो, मूल पदवीधर झाले की घर विकून लहान घरात किंवा दुसऱ्या राज्यात जातो, आणि मधल्या काळात शाळेत बहुतेक दोनच वेळा जातो, एकदा शिक्षकांना भेटायला आणि एकदा गुणवत्ता पुरस्कारांच्या रात्री. या वर्णनात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. २०१५ साली वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटनी मुलांवरच्या ताणाविषयी पालकांना दीर्घ पत्र लिहिले, हायस्कुलातल्या सत्र आणि अंतिम परीक्षा बंद केल्या आणि काही रात्री गृहपाठमुक्त ठेवल्या, तेव्हा पालकांत उघड फूट पडली. ती साधारणपणे आशियाई आणि गोरे अशी पडली असे त्या वेळच्या वृत्तपत्रांनी नोंदवले. त्या वादात कोण बरोबर होते हा या पत्राचा विषय नाही, आणि परीक्षा सैल केल्याने सगळे प्रश्न सुटतात असे मलाही वाटत नाही. परंतु त्या वेळी दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांशी पहिल्यांदाच बोलत होते, आणि तेही सभेतल्या मायक्रोफोनवरून. शुक्रवारी रात्री एका स्टँडवर शेजारी उभे राहून ज्यांनी हॉट डॉग गुंडाळले आहेत, ती माणसे भांडली तरी वेगळ्या रीतीने भांडतात.

सार्वजनिक हायस्कूल ही या देशात सहजासहजी आलेली गोष्ट नाही. देशातले पहिले पब्लिक हायस्कूल १८२१ मध्ये बॉस्टनला निघाले, आणि त्यानंतर अर्धे शतक उलटले तरी प्राथमिक शाळेपुढच्या शिक्षणासाठी सर्वांच्या करातून पैसा का द्यायचा, असे विचारणारे लोक होते. मिशिगनमधल्या कलामझू गावातल्या काही करदात्यांनी तर त्यावर दावाच लावला. १८७४ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हायस्कुलासाठी कर लावण्याचा डिस्ट्रिक्टचा अधिकार मान्य केला आणि त्या निकालाचा आधार पुढे इतर राज्यांतही घेतला गेला. मॅसेच्युसेट्समधल्या वेल्स्ली आणि नीडम या शेजारी गावांच्या हायस्कुलांमध्ये थँक्सगिव्हिंगचा फुटबॉल सामना सुरू झाला तो १८८२ मध्ये, म्हणजे या निकालानंतर आठच वर्षांनी. माझ्या मते हा योगायोग नाही. ज्या संस्थेसाठी गावाने स्वतःच्या खिशात हात घातला, तिचे रंग अंगावर चढवायला गाव आपोआप येऊ लागले. लोकवर्गणीतून आणि श्रमदानातून उभ्या राहिलेल्या शाळांच्या गावांतून आपल्यापैकी कितीतरी जण आलेले आहेत. तिथे शाळेचे स्नेहसंमेलन हा गावाचा सण असतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता आपल्याकडून नेहमी येणाऱ्या आक्षेपांकडे वळते. फुटबॉलमध्ये डोक्याला मार बसतो ही भीती खरी आहे. देशभरात सुमारे दहा लाख मुले हायस्कूल पातळीवर हा खेळ खेळतात आणि त्यातल्या इजांची चर्चा आता अमेरिकन पालकही गंभीरपणे करतात. माझे मूल खेळणार नाही, असे कोणी ठरवले तर मला त्यात काहीही गैर वाटत नाही. पण न खेळणे वेगळे आणि न जाणे वेगळे. नृत्यसमारंभाची भीती मात्र बरीचशी ऐकीव आहे. बहुतेक मुले मैत्रमंडळींच्या घोळक्याने जातात, दारावर शिक्षक आणि पालक उभे असतात, एकदा बाहेर पडले की पुन्हा आत घेत नाहीत, आणि ज्याला फारच काळजी वाटते त्याने पर्यवेक्षक म्हणून नाव द्यावे, तिथेही माणसे कमीच पडतात. घरी मुलांना हा पर्याय सांगून पाहावा, त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव पाहण्यासारखे असतात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ऑक्टोबरात ज्युनियर मुलांची पीएसएटी (महाविद्यालय प्रवेशासाठीच्या एसएटीची पूर्वपरीक्षा) असते, सीनियर मुलांच्या अनेक महाविद्यालयीन अर्जांची मुदत १ नोव्हेंबर असते, आणि नेमक्या त्याच वेळी हा सारा गोंधळ. हे मी नाकारत नाही. मात्र अर्जातला निबंध कशावर लिहायचा म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सल्लागाराला पैसे देणाऱ्या घरांत, त्या मुलाच्या आयुष्यातला त्या वर्षीचा ऑक्टोबर आपणच मोकळा करून रिकामा ठेवलेला असतो. शिवाय सगळ्याच मुलांना गोंगाट आवडत नाही. काही जण पेप रॅलीच्या वेळी वाचनालयात बसतात आणि त्यांना बसू द्यावे. त्यांच्यासाठी नाटकाचा पडद्यामागचा चमू आहे, वार्षिकांक आहे, रोबॉटिक्स आहे. शाळेविषयीचा जिव्हाळा ओरडूनच दाखवावा लागतो असे नाही, आणि तो फुटबॉलपुरताही नाही. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांच्या क्रीडा संघटनेने २००८ मध्ये क्रिकेटची स्पर्धा सुरू केली, ती शाळेत स्थलांतरितांची मुले होती आणि त्यांनी खेळायची इच्छा दाखवली म्हणून.

इथेच मंडळांशी संबंध येतो. शाळा बदलते, पण जे येतात त्यांच्यासाठी बदलते. न्यूयॉर्कमध्ये दिवाळीच्या सुट्टीसाठी अनेक वर्षे मागणी होत होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यपालांनी कायद्यावर सही केली आणि १ नोव्हेंबर २०२४ रोजी त्या शहरातल्या सार्वजनिक शाळा पहिल्यांदा दिवाळीसाठी बंद राहिल्या. आपल्या राज्यात हा निर्णय डिस्ट्रिक्टच्या पातळीवर होतो आणि अनेक ठिकाणी तो झालाही आहे. दिवाळीच्या सुट्टीवर चर्चा असते त्या संध्याकाळी डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या सभेत आपल्या साड्या आणि कुर्ते दिसतात, मार्चमध्ये अंदाजपत्रकाच्या सभेत मात्र आपल्यातले कोणी नसते. आपल्या राज्यात शाळांसाठीच्या कराच्या वाढीवर २०१० च्या कायद्याने दोन टक्क्यांची मर्यादा घातली. २०१८ च्या कायद्याने राज्याच्या मदतीची फेरवाटणी झाल्यावर पुष्कळ डिस्ट्रिक्टांना वर्षानुवर्षे कपात सोसावी लागली. अशा वेळी कात्री आधी लागते ती संगीताला, कनिष्ठ संघांना आणि शाळा सुटल्यानंतरच्या क्लबांच्या बसला. बोर्डाचे सदस्य आपल्याच गावातून निवडलेले, बिनपगारी असतात. मतदान करायला नागरिकत्व लागते, पण सभेत उठून बोलायला व्हिसा कोणी विचारत नाही, आणि प्रत्येक सभेत लोकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवणे बोर्डावर कायद्याने बंधनकारक आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे अडकलेल्या आपल्या मित्रांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

मंडळांकडे माझे मागणे फार मोठे नाही. शाळांचे वार्षिक कॅलेंडर आणि क्रीडा सामन्यांच्या तारखा उन्हाळा संपण्याआधी डिस्ट्रिक्टांच्या संकेतस्थळांवर आलेल्या असतात. दिवाळीच्या कार्यक्रमाची आणि तालमींची अंतिम आखणी करताना ज्या आठ-दहा गावांतून आपले बहुसंख्य सभासद येतात, तेवढ्या गावांच्या होमकमिंगच्या आणि सीनियर नाइटच्या तारखा समोर ठेवाव्यात. सगळ्या टाळता येणार नाहीत, कारण सभागृह मिळेल तेव्हा घ्यावे लागते हे मला माहीत आहे. पण निदान सप्टेंबर-ऑक्टोबरात शुक्रवारी संध्याकाळी मुलांच्या नाचाची तालीम ठेवू नये. सीनियर नाइटला शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्यांच्या आईवडिलांसह मैदानावर नावाने बोलावतात. तालमीमुळे ज्या मुलाला तिथे एकट्याने चालत जावे लागते, त्याला दिवाळीत आपण रंगमंचावर कितीही टाळ्या दिल्या तरी तो हिशेब जुळत नाही. मराठी शाळांच्या शिक्षकांनाही हीच विनंती आहे, की शनिवारी बँडची स्पर्धा असलेल्या मुलाची गैरहजेरी आजारपणासारखी माफ करावी आणि पुढच्या तासाला त्याला तो कसा वाजवून आला हे मराठीत सांगायला लावावे.

आणखी एक सूचना. ज्या गावांत होमकमिंगची मिरवणूक निघते, तिथे बाहेरच्या संस्थांनाही सहभागासाठी अर्ज करता येतो का, याची मंडळांनी शाळेकडे किंवा टाउनशिपकडे चौकशी करावी. जिथे परवानगी असेल तिथे आपले ढोल-ताशा पथक बँडच्या मागे चालू द्यावे, झेंडा शाळेच्या रंगाचा धरावा, आणि मंडळाचा फलक नेलाच तर लहान न्यावा. बाप्पाच्या मिरवणुकीसाठी रस्ता बंद करून देणारे पोलीस आणि अग्निशमन दलाचे स्वयंसेवक या मिरवणुकीतही असतात आणि ते आपल्याला चेहऱ्याने ओळखतात.

पुढच्या वर्षाच्या नियोजनाची बैठक बहुतेक मंडळांत जानेवारी-फेब्रुवारीत होते. तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. मिडलसेक्स, सॉमरसेट आणि मर्सर या तीन काउंटींतल्या आपल्या गावांच्या शाळांच्या तारखा एकत्र करून देण्याचे काम मी आणि आमच्या बूस्टर क्लबमधले दोन-तीन मराठी पालक आनंदाने करू. ऑगस्टच्या अखेरीस तक्ता आपल्याकडे पोहोचेल, आणि त्याच्या खालीच ज्या शाळांना शुक्रवारच्या स्टँडसाठी माणसे हवी आहेत त्यांची नावे असतील.

आपली,
मध्य न्यू जर्सीतील एक पालक आणि मंडळाची सभासद